भीती न वाटल्याचा दाखला

विनोदी नाटक पाहून बाहेर पडलेला माणूस ‘मला अजिबात हसू आलं नाही’ असं म्हणतो, तेव्हा त्याच्या आवाजात तिकिटाच्या पैशांची हळहळ असते. रडवणारा कौटुंबिक चित्रपट पाहूनही डोळे कोरडे राहिले, तर तो ते फारसं बोलून दाखवत नाही. लोक आपल्याला दगड म्हणतील अशी धास्ती असते. भयपटाचा प्रेक्षक मात्र ‘आपल्याला तर काहीच भीती वाटली नाही बुवा’ हे वाक्य छाती पुढे काढून उच्चारतो. ज्या कामासाठी पैसे मोजले ते काम झालं नाही, याचाच त्याला कोण आनंद! चित्रपट कमी खर्चाचा असेल तर हा आनंद दुणावतो. शंभर कोटींच्या भुताला घाबरण्यात थोडी तरी प्रतिष्ठा आहे. भाड्याच्या बंगल्यात, हातातल्या कॅमेऱ्यासमोर वावरणाऱ्या भुताला घाबरणं म्हणजे नामुष्कीच. त्यामुळे स्वस्त भयपटांवर प्रेक्षक जी मतं देतात, ती चित्रपटाबद्दलचा पुरावा म्हणून जवळजवळ निकामी असतात. ते प्रेक्षकाने स्वतःच स्वतःला दिलेले शौर्याचे दाखले असतात, आणि त्यांना तलाठ्याची सही लागत नसल्याने त्यांचा सुळसुळाट झाला आहे.

१९९९ चा ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ घ्या. डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दोघा दिग्दर्शकांनी १९९७ च्या ऑक्टोबरात तीन अनोळखी नटांना चेटकिणीच्या शोधात मेरिलँडच्या जंगलात आठ दिवस हिंडवलं. संवाद लिहून दिलेले नव्हते, कॅमेरे नटांच्याच हातात होते. दिवसाच्या सूचना फिल्मच्या रिकाम्या डब्यांतून चिठ्ठ्यांनी यायच्या आणि शिधा रोज थोडा थोडा कमी केला जायचा, म्हणजे चिडचिड अभिनय न करताच यावी. चित्रीकरणाचा खर्च फार तर ६०,००० डॉलर, आणि जगभरातली कमाई २५ कोटी डॉलरच्या घरात. आता मतं बघा. अमेरिकेत पहिल्या दिवशी चित्रपटगृहातच प्रेक्षकांकडून शेरे भरून घेणारी सिनेमास्कोर नावाची संस्था आहे. तिथे या चित्रपटाला ‘सी प्लस’ मिळाला, म्हणजे काठावर पास. वर्षातल्या सर्वांत वाईट अभिनयासाठी चेष्टेने दिलं जाणारं ‘रॅझी’ हेदर डॉनह्यू या नायिकेच्या गळ्यात पडलं. तिचा गाजलेला प्रसंग आठवा: कॅमेरा इतका जवळ की चेहरा अर्धाच मावतो, डोळे विस्फारलेले, नाक वाहतंय, आणि ती सोबत्यांच्या आयांची माफी मागतेय. जंगलात वाट चुकलेल्या उपाशी मुलीने रुमाल जवळ ठेवून, नीटनेटकं रडावं, अशी परीक्षकांची अपेक्षा असावी. आपल्याकडच्या मालिकांतल्या सुना काजळ न फिस्कटू देता रडतात, त्यांना हे पारितोषिक कधीच मिळायचं नाही.

यावर कोणी म्हणेल, ती कमाई जाहिरातीची होती. खरं आहे. हे तिघे खरोखरच बेपत्ता झाले आहेत अशी हवा इंटरनेटवरून आणि ‘हरवले आहेत’च्या पत्रकांतून पद्धतशीर उठवली होती. पात्रांना नावंही नटांचीच खरी दिली होती, आणि लोक इतके फसले की हेदरच्या आईला सांत्वनाची पत्रं आली. पण हा आक्षेप माझ्याच बाजूने साक्ष देतो. ती मुलगी जिवंत आहे हे कळल्यावर प्रेक्षक खवळले. फसवलं गेल्याचा राग येतो तो आधी विश्वास ठेवणाऱ्याला. आणि चेटकिणीवर विश्वास ठेवून अंधारात बसलेला माणूस निर्धास्त होता, हे कसं मानायचं? ‘काहीच वाटलं नाही’ हा शेरा बहुतेक वेळा दिवे लागल्यावर सुचतो.

तक्रार मुख्यतः एकच होती: चेटकीण दिसलीच नाही. झाडांना टांगलेल्या काड्यांच्या बाहुल्या दिसतात, तंबूबाहेर रचलेले दगडांचे ढीग दिसतात, शेवटी पडक्या घराच्या तळघरात एक तरुण भिंतीकडे तोंड करून उभा दिसतो, आणि संपलं. ‘एवढंच?’ म्हणून लोक चडफडले. बरं, मग ज्यांनी भूत यथास्थित दाखवलं त्यांची काय गत झाली? त्यासाठी मेरिलँडला जायला नको, महाबळेश्वरपर्यंत गेलं तरी पुरे. रामसे बंधूंनी १९७२ चा ‘दो गज जमीन के नीचे’ तिथेच उरकला. मोजकी माणसं, चाळीसेक दिवस, आणि रामसे मंडळी स्वतःच सांगत आली तो खर्च साडेतीन लाख रुपये. एक भाऊ लिहिणार, एक कॅमेरा धरणार, एक आवाज सांभाळणार, दोघे दिग्दर्शन करणार. बाहेरच्यांचे पगार तेवढे वाचले. पुढे १९८४ च्या ‘पुराना मंदिर’मध्ये त्यांनी सामरी नावाचा राक्षस दाखवला, आणि हात आखडता न घेता दाखवला. उंचनिंच नट अजय अगरवाल, धड एकीकडे पुरलेलं, मुंडकं दुसरीकडे पेटीत बंद, आणि त्याच्या शापाने घराण्यातल्या बायका बाळंतपणात दगावणाऱ्या. चित्रपट तुफान चालला. आणि शहाण्यांचं मत? ‘मुखवटा कळतो हो.’ म्हणजे स्वस्तातलं भूत दाखवलं तर रबर दिसलं म्हणून हसायचं, न दाखवलं तर फसवलं म्हणून ओरडायचं. गरीब निर्मात्याने एखादं अस्सल भूत रोजंदारीवर आणलं, तरी ‘जरा ओव्हरअॅक्टिंग करतं’ असं ऐकून घ्यावं लागेल.

या रामसेंना प्रेक्षकांच्या मताचं मोल नेमकं कळलं, ते मात्र कोणाला काही न विचारता. १९७० चा त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ आपटला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करायला येतात, तेवढ्या प्रसंगासाठी लोक थिएटरात येऊन बसतात, हे या भावांच्या नजरेला आलं. त्या लोकांना दारात गाठून मत विचारलं असतं, तर ‘फालतू पिक्चर’ हेच उत्तर आलं असतं. लोकांच्या जिभेपेक्षा त्यांच्या पायांवर विश्वास ठेवून या घराने पुढची कित्येक वर्षं धंदा केला.

तक्रारींचा आणखी एक प्रकार असतो, त्याला ‘लॉजिक’ म्हणतात. ‘ब्लेअर विच’मधली मेलेली चेटकीण दोनशे वर्षांनी जंगलात फिरते, हे या प्रेक्षकाला बिनतक्रार मान्य. त्याचा आक्षेप बॅटरीला: ती इतके दिवस पुरली कशी? आणि एवढं सगळं घडत असताना ही मुलं कॅमेरा टाकून पळत का नाहीत? हा प्रश्न रस्त्यावर अपघात दिसताच आधी मोबाइल बाहेर काढणाऱ्या समाजाने विचारावा, हे विशेष. चित्रपटाने त्याचं उत्तर दिलेलंही आहे. भिंगातून पाहिलं की समोरचं तितकं खरं वाटत नाही, म्हणूनच तू कॅमेरा सोडत नाहीस, हे तिघांपैकी जॉश हेदरला तोंडावर ऐकवतो. नकाशा ओढ्यात लाथाडणारा तिसरा सोबती माइक तर प्रेक्षकांना अगदीच मूर्ख वाटला. भुकेला, भिजलेला, वाट चुकलेला माणूस मूर्खपणा करतो, हे समजायला घाटात गुगलचं ऐकून भलत्याच कच्च्या रस्त्याला लागलेल्या गाडीत अर्धा तास बसावं.

यापेक्षा वजनदार आक्षेप असा, की भीती ही ज्याची त्याची. ती वाटली नाही तर माणसाने खोटं का बोलावं? कबूल. पण मग परिस्थितीही सांगावी. ओरेन पेली यांनी सॅन दिएगोतल्या स्वतःच्या घरात ‘पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी’ केला, साधारण १५,००० डॉलरमध्ये. २००९ मध्ये तो सर्वत्र लागला. त्यात तिवईवर ठेवलेला कॅमेरा रात्रभर झोपायची खोली टिपतो. कोपऱ्यात घड्याळाचे आकडे भराभर धावतात, मग अचानक नेहमीच्या गतीला येतात, आणि डावीकडचं दार वीतभर हलतं. बस्स. भरलेल्या अंधाऱ्या थिएटरात ते आकडे मंदावले की अख्खी रांग श्वास रोखायची. तोच प्रसंग भर दुपारी, मोबाइलवर, दीडपट वेगाने, मधे दूधवाल्याला पैसे देऊन पाहिला, तर दार हलल्यासारखंच वाटणार. त्यावर ‘दीड तास नुसतं दार हलतं’ असा निकाल देणं म्हणजे थंडगार भजी खाऊन भटारखान्याला नापास करणं.

स्वस्त भयपट वाईट नसतात असं मात्र नाही. पुष्कळ असतात. ‘पुराना मंदिर’मध्येच सामरीचा शाप ऐन रंगात आलेला असताना जगदीप ‘शोले’च्या गब्बरची नक्कल करत मच्छर सिंग होऊन येतो, आणि जमवलेली सगळी भीती पाण्यात जाते. हा खरा दोष, त्याचा पैशांशी काडीचा संबंध नाही, आणि तो बोट ठेवून दाखवताही येतो. असं बोट ठेवणारी मतं क्वचितच येतात, कारण त्यासाठी चित्रपटाकडे बघावं लागतं, आणि बघायचं म्हणजे डोळे उघडे ठेवणं आलं.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी ‘भीती वाटली नाही’ असं लिहाल, तेव्हा खाली एवढं जरूर जोडा: घरात किती दिवे चालू होते, शेजारी कोण बसलं होतं, आवाज किती कमी केला होता, आणि चित्रपट संपल्यावर पाणी प्यायला स्वयंपाकघरात एकटे गेलात की कोणाला सोबत नेलंत.