रोलरकोस्टर बांधण्याची खान्देशी पद्धत

रोलरकोस्टर बांधायला सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. मे महिना, जळगावचं पत्र्याचं घर आणि एक जुना कॉम्प्युटर एवढ्या पात्रतेवर भागतं. बाहेर पंचेचाळीस अंश असताना दुपारी माणसानं करावं तरी काय? झोपावं, नाहीतर पार्क उघडावं.

खेळाचं नाव रोलरकोस्टर टायकून. 1999 साली आला. ख्रिस सॉयर या स्कॉटिश गृहस्थानं त्याचा प्रोग्रॅम जवळजवळ सगळा असेंब्ली भाषेत लिहिला. म्हणजे चिमट्यानं वाळूचा एकेक कण उचलून भिंत रचली म्हणा ना. म्हणून तर आमच्या खटाऱ्यावरही शेकडो माणसं एका वेळी न अडखळता ओकू शकत.

काम चढापासून सुरू करावं. साखळी गाडीला वर ओढून नेते आणि तिथं सोडून देते. पुढं इंजिन नाही, डिझेल नाही, देवाचं नाव. चाळीस मीटरवरून सुटलेली गाडी तळाशी हिशेबानं ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास पोचते; घर्षण त्यातला आपला वाटा कापून घेतं. तेव्हा पहिला चढ सगळ्यांत उंच ठेवावा. माझ्या भाच्यानं दुसरा चढ उंच ठेवला. गाडी अर्ध्यावर गेली, थबकली आणि केळीनं भरलेला ट्रक घाटात मागं यावा तशी घरंगळत परत आली.

"मामा, आधी जोरात ढकलली तर?"

हा प्रश्न नवा नाही, आणि आपल्या मुलखाला तर मुळीच नाही. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. तिथल्या शिलालेखात तसं कोरलेलं आहे. त्याच भास्कराचार्यांनी 1150च्या सिद्धांतशिरोमणीत पारा भरलेल्या आऱ्यांचं, एकदा फिरवलं की फिरतच राहणारं चक्र सांगितलं आहे. आचार्यांची क्षमा मागून सांगतो, ते थांबतं. भाच्याचीही थांबली.

वळणांसाठी वेगळं पुस्तक नको. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून एकदा कन्नडचा घाट उतरावा. शेजारचा आपल्या मांडीवर येतो तो आडवा धक्का. रूळ वळणावर आतल्या बाजूला कलता केला की तोच धक्का खाली, बुडाकडे जातो आणि माणूस आपल्या जागी राहतो. खेळाच्या दुसऱ्या भागात या आडव्या धक्क्याचा आकडा 2.8च्या वर गेला की लाल होतो. घाटात लाल होणारं काही नसतं, तिथं कंडक्टर पिशवी देतो.

आता मुख्य मुद्दा. चाचणीची फेरी झाली की तीन आकडे येतात: थरार, जोर आणि मळमळ. नवशिक्या इथंच फसतो, कारण तिन्ही त्याला सारखेच वाटतात. खान्देशी माणसानं फसायचं कारण नाही. शेवभाजी डोळ्यांपुढं आणावी. थरार म्हणजे चव, जोर म्हणजे तिखट, मळमळ म्हणजे वर तरंगणारं तेल. चवीसाठी तिखट लागतंच, पण भाजीत नुसतंच तिखट ओतलं तर गिऱ्हाईक ताटावरून उठतं. जोर 10च्या वर गेला की बहुतेक पाहुणे दारापर्यंत येतात, गाडी बघतात आणि निघून जातात. भाच्याच्या गाडीचा जोर चौदा. तीन उलट्या गिरक्या, एकीला लागून एक. रिकामी गाडी मोठ्या रुबाबात फिरत होती.

शेजारचे आप्पा पाठीमागं उभे होते. धुळ्याला एकवीरादेवीच्या यात्रेत त्यांनी बरेच पाळणे पाहिलेले. म्हणाले, "यामा बसाले पैसा लागतस का रे भो?"

लागतात, आणि तिकिटाखेरीज बाकीच्या गोष्टींतूनही येतात. त्यासाठी गिऱ्हाईक पार्कात टिकायला हवं, म्हणून उतरण्याच्या वाटेवर मळमळणाऱ्यांसाठी बाक टाकावेत, एक झाडूवाला तिथंच फिरता ठेवावा. पाऊस लागला की छत्रीचा भाव चढवावा. पाहुणे कुरकुरत नाहीत, भिजलेला माणूस घासाघीस करत नसतो. खारट चिप्सच्या गाड्याशेजारी सरबत ठेवावं. हे जळगावकराला शिकवणं म्हणजे सराफाला तराजू दाखवणं.

शेवटी आम्ही दोन गिरक्या काढल्या, उरलेलीच्या आधी लांब सपाट रूळ टाकला, वळणं कलती केली. जोर आठावर आला. रांग लागली. भाच्यानं गाडीला नाव दिलं ‘कन्नड घाट’, भाडं वाढवलं. पहिली भरलेली गाडी चढली, सुटली, गिरकीच्या माथ्यावर सगळी माणसं उलटी झाली आणि तीनच्या ठोक्याला भारनियमन सुरू झालं.

पंखा हळूहळू थांबला.

"मामा, सेव्ह केलं होतं ना?"

आप्पा पाणी प्यायला घरी गेले.