किल्ली हातात, मंगळसूत्र गाडीत

"काकू, कुंड्या राहू द्यात जरा. वकीलसाहेबांचं कळलं का?"

"नाही बाई. काय झालं त्यांना?"

"त्यांना नाही, त्यांच्या नव्या गाडीला. मिरज रोडच्या कार्यालयात भाच्याचं लग्न होतं ना! मुहूर्त तोंडावर आलेला आणि मंगळसूत्राची डबी गाडीत. साहेब किल्लीचं बटण दाबतायत, दाबतायत, दार काही उघडेना. गुरुजी आपले घड्याळाकडे बघतायत."

"अगंबाई! मग?"

"मग टोचनवाल्याला फोन. पोरगंच होतं ते. त्यानं किल्लीच्या कडेची बारकी खिटी सरकवली, आतून लोखंडी किल्ली ओढून काढली आणि दार उघडलं. तर सायरन सुरू! वऱ्हाड ताटावरून उठून बाहेर. त्यानं शांतपणे ब्रेकवर पाय ठेवला, बंद पडलेली किल्लीच स्टार्टच्या बटणाला टेकवली आणि बटण दाबलं. गाडी चालू, सायरन गप्प. गाडी न ओढताच टोचनचे पैसे घेऊन गेला."

"घेणारच की. अक्कल विकत मिळत नाही म्हणतात, ते खोटं."

"पण काकू, सेल संपलेला, तरी गाडी चालू कशी झाली?"

"माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजात गेली, म्हणून सांगते. त्या एका किल्लीत दोन बिऱ्हाडं असतात. एक लांबून हाका मारणारं, ते सेलवर जगतं. दुसरी बारकीशी चिप, तिला सेल लागतच नाही. किल्ली बटणाजवळ नेली की गाडीतल्या तारेच्या वेटोळ्यातून तिला तेवढ्यापुरती वीज मिळते. ती आपली खूण सांगते, गाडी ओळखते. चोराला नुसत्या तारा जोडून गाडी नेता येऊ नये, म्हणून ती व्यवस्था. काही गाड्यांत किल्ली टेकवायची जागा वेगळी असते, ती पुस्तकात दिलेली असते. पण पुस्तक वाचतं कोण?"

"आमच्या ह्यांना तर एकानं सांगितलं, सेल काढला की किल्ली गाडीला विसरते, परत प्रोग्रॅमिंग करावं लागतं."

"नवी किल्ली करायची असेल तर करावं लागतं. सेलसाठी बहुतेक गाड्यांत काही लागत नाही. सेल काढला म्हणून चिपमधली खूण पुसत नाही."

"तरीच! ह्यांनी घरीच बदलला, पण किल्ली कधी चालते, कधी रुसते."

"कुठला सेल घातला?"

"घड्याळवाल्याकडून आणला. जुन्यावर २०३२ होतं, त्याच्याकडे २०२५ होता. ह्यांनी बसवून बघितला, जरा हलत होता, म्हणून खाली चॉकलेटचा चांदीचा कागद घडी करून घातला."

"धन्य आहे! अगं, ते आकडे म्हणजे मापं. २० म्हणजे रुंदी, २० मिलिमीटर. ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर, आणि २५ म्हणजे अडीच. दोन्ही ३ व्होल्टचेच, म्हणून फसायला होतं. पण पातळ सेल पत्तीला नीट टेकत नाही आणि त्यात वीजही कमी साठते. तो कागद आधी काढ. सरकून दोन्ही बाजूंना टेकला तर सेल आतल्या आत संपायचा. जुन्यावर जो आकडा, तोच आणायचा."

"आणि उघडताना प्लास्टिकला ओरखडे पडले ते वेगळेच."

"लोखंडी किल्ली काढली की फट दिसते. पेचकसाच्या टोकाला फडकं गुंडाळून तिथं हळूच पीळ द्यायचा, सुरी खुपसायची नाही. जुना सेल काढायच्या आधी अधिकची बाजू वर आहे की खाली, ते बघून ठेवायचं. फोटो काढलास तर उत्तम. नवा सेल कडेनं धरायचा. चिमट्यानं धरलास तर दोन्ही बाजू जोडल्या जातात."

"जुना सेल ह्यांनी टीव्हीपाशी ठेवलाय."

"काय? घरात दीड वर्षाचं पोर रांगतंय आणि सेल टीव्हीपाशी? आत्ता जा आणि उचल. किल्लीला पुरत नाही म्हणून तो मेलेला नसतो. पोरानं गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर ओलाव्यात वीज वाहून जागेवर क्षार तयार होतो आणि दोन तासांत आतून भाजतं. नुसता संशय आला तरी उलटी काढत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं. जुन्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावायची, वर कपाटात ठेवायचा आणि ई-कचरा घेणाऱ्याला द्यायचा."

"आत्ताच उचलते. पण सेल संपत आलाय हे आधी कसं कळायचं हो? वकीलसाहेबांची फजिती झाली तशी..."

"गाडी आधी सांगत असते. पूर्वी फाटकापासून उघडायची, आता दारापाशी जाऊन दाबावं लागतं. कित्येक गाड्यांत समोर सूचनाही येते. साहेबांनी ती पाहिली असेल आणि बाजूला सारली असेल. आणि सेल आणायला पळायच्या आधी दुसरी किल्ली लावून बघायची. दुसरीनं उघडली तर पहिलीचा सेल गेला. दोन्हींनी उघडेना, तर बहुधा गाडीचीच मोठी बॅटरी उतरलेली असते. मग किल्लीत किती का नवे सेल घालेनास."

"हे बरं सांगितलंत. वकीलसाहेबांना एवढंही सुचू नये?"

"तुमची दुसरी किल्ली कुठं असते गं?"

"आमची? लॉकरच्या कपाटात. एकदम सुरक्षित."

"आणि कपाटाची किल्ली?"

"ती... ह्यांनी गाडीच्या कप्प्यात टाकलीय. चोराला सापडू नये म्हणून."

"मग आधी तेवढं हलव. नाहीतर पुढच्या आठवड्यात ह्याच भिंतीपाशी वकिलीणबाई मला तुमची गोष्ट सांगतील."