लसीच्या कार्डाचा ठावठिकाणा

एडिसन, न्यू जर्सी

तीर्थरूप अण्णा व आई (लातूर) आणि तीर्थरूप दादा व माई (नांदेड) यांस,

लसीकरणाची नोंद, म्हणजे कोणाला कोणती लस कोणत्या तारखेस टोचली याचा लेखी दाखला, हा मराठवाड्यातील घरांत जिवापाड जपला जाणारा, परंतु सहसा न लागणारा कागद आहे. सातबारा पीककर्जाच्या वेळी, टी.सी. शाळा बदलताना आणि शिधापत्रिका दर महिन्याला बाहेर निघत असल्याने त्यांच्या जागा घरातील लहान मूलही सांगू शकते. जो कागद दहा वर्षांत एकदाही मागितला जात नाही, त्याच्याबाबत तो 'जपून ठेवला आहे' एवढेच निश्चित असते. प्रस्तुत पत्र हे या विषयावरील अल्पसे टिपण असून, कार्ड गहाळ झाल्याचा ठपका दोन्हींपैकी कोणत्याही घरावर बसू नये या हेतूने त्यात प्रथमपुरुषी एकवचनी सर्वनाम कटाक्षाने टाळले आहे. पत्रलेखकास लातूरकरांनी 'चिरंजीव' व नांदेडकरांनी 'जावई' असे वाचावे, म्हणजे दोन्हीकडचा मान राहील.

ही नोंद असलेल्या ज्या कार्डास शासकीय भाषेत 'माता व बाल संरक्षण कार्ड' म्हणतात, त्यात गरोदरपणातील तपासण्या, बाळाचे वजन व लसी हे सारे एकत्र नोंदले जात असल्यामुळे ते मुलाबरोबर नव्हे, तर आईबरोबर फिरते, आणि पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या रीतीमुळे त्याचा जन्म बहुधा आजोळी होतो. नातीचा जन्म ७ मार्च २०१५ रोजी नांदेडला झाला. जन्मतः द्यावयाची क्षयरोगावरील बीसीजी, पोलिओचा 'शून्य डोस' (जो पुढील मोजणीत धरला जात नाही म्हणून शून्य) व कावीळ-ब ही लस तेथेच झाली, आणि त्यानंतरच्या तीन फेऱ्याही तेथेच झाल्या. या फेऱ्यांना आपल्याकडे लसीच्या नावाने कोणी ओळखत नाही. 'दीड महिन्याचं', 'अडीच महिन्याचं' व 'साडेतीन महिन्याचं' असे बाळाच्या वयानेच इंजेक्शन ओळखले जाते, आणि ही पद्धत सरकारी वेळापत्रकातील सहा, दहा व चौदा आठवड्यांशी तंतोतंत जुळते. पुढे लेकीची पाठवणी अहमदपूरमार्गे लातूरला झाली तेव्हा पाळणा, दुपटी, डिंकाचे लाडू व बाळंतविड्याचे सर्व सामान गाडीत चढले, कार्ड मात्र नांदेडच्या कपाटात साड्यांच्या घडीत राहिले, आणि नवव्या महिन्यात गोवराची लस देताना लातूरच्या सिस्टरांनी दुसरे, कोरे कार्ड तयार केले. परिणामी नांदेडच्या कार्डावर ही मुलगी साडेतीन महिन्यांची होऊन थांबते, तर लातूरच्या कार्डावर ती नऊ महिन्यांचीच जन्मास येते.

लातूरचे कार्ड हाती आहे, कारण अण्णांनी ते त्याच वर्षी लॅमिनेट करून घेतले. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीच्या भूकंपात नातेवाइकांच्या घरांबरोबर त्यांचे सारे कागदही मातीखाली गेलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांच्या या सावधगिरीची थट्टा करण्याचा अधिकार पुढच्या पिढीस नाही. तथापि लॅमिनेशन झालेल्या कार्डावर नंतर काहीही लिहिता येत नाही ही गोष्ट सोळा महिन्यांनंतरच्या लसीच्या वेळी ध्यानात आली. सिस्टरांनी पेन तीन वेळा चालवून पाहिला, तोंडातली वाफ देऊन प्लॅस्टिक पुसले, पुन्हा चालवला, आणि अखेरीस ती नोंद एका चिठोऱ्यावर लिहून कार्डाला टाचणीने लावून दिली. टाचणीचे भोक आजही स्पष्ट दिसते. चिठोऱ्याचा शोध हा स्वतंत्र संशोधनाचा विषय ठरेल.

आपल्याकडे या कागदावाचून अडत नाही, याचे कारण असे की लसीचा पुरावा परंपरेने अंगावर ठेवला जातो. अण्णांच्या दंडावरील वण हे देवी काढल्याचे प्रमाणपत्रच होय. या रोगाचा भारतातील शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला आणि पुढे ती लसच थांबली, त्यामुळे असा दंड आता ज्येष्ठ नागरिक सवलतीच्या पासाइतकाच वयदर्शक झाला आहे. त्यानंतरच्या पिढ्यांच्या डाव्या दंडावर बीसीजीचा वण असतो, आणि पाच वर्षांखालील मुलांच्या डाव्या करंगळीवर पोलिओ रविवारची शाई. १९९५ पासून देशभर चाललेल्या या मोहिमेत, ज्यास 'पल्स पोलिओ' म्हणजे एकाच दिवशी सर्व बालकांना डोस पाजण्याची पद्धत म्हणतात, नातीला दर वेळी बूथवर नेले गेले. एका वर्षी तर लातूरला सकाळी व नांदेडला दुपारी असे एकाच रविवारी दोनदा डोस पाजले गेल्याचे दोन्ही आज्या अभिमानाने सांगतात. जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळलेला रुग्ण देशातील शेवटचा ठरून २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त जाहीर झाला, यात त्या करंगळ्यांचा वाटा मोठा आहे.

नातीच्या येथील शाळाप्रवेशासाठी लागणाऱ्या अमेरिकेच्या हिशेबात मात्र या थेंबांना किंमत नाही. येथील नियमानुसार तोंडावाटे दिलेला पोलिओचा डोस १ एप्रिल २०१६ पूर्वीचा असेल तर धरतात, कारण तोपर्यंतच्या नियमित डोसात विषाणूचे तिन्ही प्रकार होते व नंतर दोनच राहिले. पण मोहिमेत दिला गेल्याची नोंद असलेला डोस, तो कोणत्याही तारखेचा असो, वगळला जातो. म्हणजे रांगेत उभे राहून मिळवलेले सर्व रविवार बाद, आणि उपयोगाचे तेवढे डोस नांदेडच्या न सापडणाऱ्या कार्डावर. गोवराचीही तीच गत. आपल्याकडे हा रोग तान्ह्या वयात गाठतो म्हणून लस नवव्या महिन्यात देतात. येथे आईकडून मिळालेली प्रतिकारद्रव्ये बाळाच्या रक्तात असताना लस नीट लागू पडत नाही म्हणून पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस मोजतच नाहीत. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत, ही या प्रकरणातील सर्वांत त्रासदायक बाब होय. नोव्हेंबर २०१८ च्या गोवर-रुबेला मोहिमेत अंगणवाडीत टोचलेली सुई नियमात बसली असती, परंतु त्या लसीत गालगुंडाचा अंश नसल्याने आणि कांजिण्यांची लस सरकारी वेळापत्रकात नसल्याने नातीच्या दंडाची सुटका तशीही झाली नसती.

याशिवाय तारखांचा प्रश्न उद्भवला. नांदेडच्या कार्डाचा एक जुना फोटो मोबाइलमध्ये सापडला, त्यात अडीच महिन्यांचा रकाना माईंच्या अंगठ्याखाली झाकला गेला आहे, परंतु वरचा भाग वाचता येतो. अमेरिकेत महिना आधी व दिवस नंतर लिहितात. त्यामुळे ०७/०३/२०१५ ही जन्मतारीख शाळेच्या परिचारिकेने ३ जुलै अशी वाचली, आणि दीड महिन्याच्या इंजेक्शनची १८/०४/२०१५ ही तारीख, अठरावा महिना कोठल्याच पंचांगात नसल्यामुळे, १८ एप्रिल अशी बरोबर वाचली. जन्मापूर्वी अडीच महिने लस घेतलेल्या या बालिकेकडे तिने चष्म्यावरून कौतुकाने पाहिले. पासपोर्ट दाखवल्यावर खुलासा झाला. तरी 'बाकी डोस झालेत, आजीला पक्कं आठवतं' हे विधान पुरावा म्हणून स्वीकारता येत नाही, तारखेसह लेखी नोंदच लागते, असे तिने नम्रपणे सांगितले. माईंची स्मरणशक्ती नांदेडात कोर्टात चालेल, येथे चालत नाही.

कार्ड किती वेळा लागते याचा विचार करता दोन्ही देशांतील तफावत स्पष्ट होते. लातूरच्या शाळेत पहिलीच्या प्रवेशास जन्मदाखला व आधार यांवर भागले. अपवाद कोविडचा, तेव्हा प्रमाणपत्राशिवाय मुंबईची लोकल मिळेना आणि २०२१ च्या नोव्हेंबरात औरंगाबाद जिल्ह्यात पंपावर पेट्रोलही मिळेना. पण ते प्रमाणपत्रही ज्याचे त्याच्याजवळ नव्हते: कोविनवर एका मोबाइल क्रमांकावर आधी चार व नंतर सहा जणांची नोंदणी होत असल्याने अर्ध्या गल्लीचे दाखले किराणा दुकानातील धाकट्या काकांच्या फोनवर, आणि ओटीपी, म्हणजे एकदाच चालणारा परवलीचा आकडा, काका दुपारी झोपेतून उठल्यावर. येथे मात्र शाळाप्रवेशास कार्ड लागते, सहावीत गेल्यावर धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याच्या वाढीव डोससाठी व मेंदूज्वराच्या लसीसाठी पुन्हा लागते, महाविद्यालयात लागते, आणि कायम वास्तव्याच्या अर्जात तर नेमलेला डॉक्टर साऱ्या लसी तपासून अहवाल पाकिटात सीलबंद करून देतो. आयुष्यभर एकदाच पुरेल असा एकच दाखला जगात आहे, तो पीतज्वराचा, ११ जुलै २०१६ पासून. आणि त्याची घरात कोणालाही गरज नाही. ज्या बीसीजीच्या वणाचा आपल्याला अभिमान, तो तर येथे उलटतो: या लसीमुळे क्षयरोगाची त्वचाचाचणी कधीकधी खोटी होकारार्थी येते, म्हणून रक्ताची वेगळी तपासणी करावी लागते.

परदेशातून आलेल्या मुलास जुनी नोंद मिळवण्यासाठी येथे ३० दिवसांची सवड मिळते, त्यांपैकी अकरा गेले. दूरध्वनीवर माईंनी 'ठिवलंय की जपून, पण कुठं ते ध्यानात येईना' असे सांगितले असून ते विधान सर्वस्वी ग्राह्य आहे. तरी गोदरेजच्या कपाटाचा चोरकप्पा, पैठणीच्या घडीतील वर्तमानपत्राखालची जागा, देवघरातील पोथ्यांची फळी आणि दादांची विम्याच्या कागदांची पिशवी ही स्थळे या क्रमाने पाहावीत. कार्ड न मिळाल्यास डोस नव्याने घ्यावे लागतील. त्याने अपाय होत नाही असे डॉक्टर सांगतात, नातीचे मत वेगळे आहे.



ता. क. कार्ड सापडल्यास दोन्ही बाजूंचे फोटो, अंगठा बाजूला ठेवून, पाठवावेत. अण्णा पुढील आठवड्यात हुजूर साहिबच्या दर्शनास नांदेडला जाणार असल्याचे कळते. मूळ कार्ड त्यांच्या हाती देण्यास हरकत नाही. फक्त त्यांना लॅमिनेशनच्या दुकानावरून आणू नये.