घशाच्या जोरावर

डायब्लो टू खेळायला बसलं की आधी एक शेकोटी दिसते. तिच्याभोवती निरनिराळी पात्रं उभी असतात आणि त्यांतलं एक आपलं म्हणून निवडायचं असतं. त्यात बार्बेरियन कोण, हे कुणाला विचारावं लागत नाही. अंगावर कपडे बेताचे, दंड भलतेच जाड, आणि उभं राहण्याची तऱ्हा अशी की बोलणंबिलणं नंतर पाहू. खेळाच्या आकड्यांनीही त्याच्याविषयी काही झाकून ठेवलेलं नाही. सुरुवातीला त्याची ताकद ३०, आणि जिच्यातून जादूचा माना तयार होतो ती एनर्जी अवघी १०. सॉर्सरेसची कुंडली बरोबर उलटी: ताकद १०, एनर्जी ३५. म्हणजे कुणी काय करायचं हे शेकोटीपाशीच ठरलेलं आहे. बाईंनी विजा पाडायच्या, बुवांनी डोकी फोडायची. २००० साली हा खेळ आला, तेव्हापासून बहुतेक मंडळी या वाटणीत सुखी आहेत.

माझा बार्बेरियन डोकी फोडत नाही. तो ओरडतो.

हे मी त्याच्या गळ्यात बळेच मारलेलं नाही. खेळ करणाऱ्यांनीच तशी सोय ठेवली आहे. प्रत्येक पात्राला कौशल्यांची तीन झाडं दिलेली असतात. एक लेव्हल चढलं की एक पॉइंट मिळतो, आणि एका कौशल्यात स्वतःचे वीसच पॉइंट घालता येतात. बार्बेरियनचं एक झाड माराचं, दुसरं हत्यारांवरच्या हुकमतीचं आणि तिसरं आरोळ्यांचं. शहाणी माणसं तिसऱ्या झाडाखाली येतात, कामापुरतं तोडतात आणि कुऱ्हाड घेऊन निघून जातात. मी तिथेच पथारी पसरली.

त्या झाडावर काय काय लागतं ते पाहण्यासारखं आहे. ‘हाउल’ मारली की राक्षस घाबरून पळतात. ‘टाँट’ मारली की पळणारा चवताळून अंगावर येतो. (एकाच माणसाला ही दोन्ही कौशल्यं शिकवणाऱ्याला संसाराचा अनुभव असला पाहिजे.) ‘शाउट’ने सगळ्या पार्टीचा बचाव वाढतो. ‘बॅटल क्राय’ने शत्रूचा बचाव आणि मार दोन्ही ढिले पडतात. ‘वॉर क्राय’ने भोवतालचे राक्षस जागच्या जागी बधिर होतात आणि त्यांना थोडीफार इजाही होते, नुसत्या आवाजाने. आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे ‘बॅटल ऑर्डर्स’. ती एकदा दिली की पार्टीतल्या प्रत्येकाची लाइफ, माना आणि दम तिन्ही वाढतात. पहिल्या पायरीला ३५ टक्के, मग दर पायरीला आणखी तीन. विसाव्या पायरीला हिशेब ९२ टक्क्यांवर जातो. हजार लाइफची सॉर्सरेस माझ्याजवळून गेली की एकोणीसशे वीसची होते. यात तिने काहीही केलेलं नसतं. ती फक्त ऐकू येईल एवढ्या अंतरावर उभी असते.

या आकड्याची किंमत कळायला दुसरा एक आकडा लागतो. या खेळात एका वेळी आठ जण एकत्र येऊ शकतात, आणि प्रत्येक नव्या माणसामागे राक्षसांची लाइफ मूळच्या निम्म्याने वाढते. आठ जण भरले की समोरचा प्रत्येक राक्षस साडेचारपट चिवट होतो. साहजिकच ज्याला त्याला वाटतं की आपण आणखी जोरात मारायला हवं. कुणाला वाटत नाही ते एवढंच, की आपण आणखी थोडा वेळ जिवंत राहायला हवं. ते काम मी अंगावर घेतलं आहे.

असा योद्धा सजवणं हा मात्र वेगळाच विनोद आहे. बार्बेरियनला दोन हातांत दोन हत्यारं धरता येतात. माझाही धरतो. पण ती निवडताना त्यांचा मार किती, धार किती, हे मी पाहतच नाही. ‘हार्ट ऑफ द ओक’ नावाचा एक रूनवर्ड आहे. ठरावीक रून ठरावीक क्रमाने हत्यारात बसवले की तो जमतो आणि सगळी कौशल्यं तीन पायऱ्यांनी वर चढतात. तसली दोन फ्लेल दोन हातांत असली की आरोळी सहा पायऱ्या चढते. हत्यार फिरवण्याचा वेग? तो कितीही असो. मला हवा असतो मंत्र म्हणण्याचा वेग, कारण आरोळीची गती त्यावर ठरते. म्हणजे ज्याच्या सगळ्या देहाची रचना हाणामारीसाठी झाली, तो मांत्रिकांच्या वस्तू धुंडाळत बाजारात फिरतो. त्यातून माना त्याच्याकडे जन्मजात तुटपुंजा. ‘वॉर क्राय’ जितकी चढवावी तितकी महाग होत जाते, आणि ऐन गर्दीत बाटली रिकामी होऊन हा एवढा थोरला गडी घसा बसल्यासारखा उभा राहतो. अशा वेळी हातातलं फ्लेल कुणाच्या तरी टाळक्यात घालावं, असं कुणालाही सुचेल. त्यालाही सुचतं. तो घालतो आणि राक्षसाला फारसं काही होत नाही.

हिंजवडीत नोकरी करणारा माझा एक भाचा आहे. २०२१ साली या खेळाची नवी, नटवलेली आवृत्ती निघाली, तेव्हापासून तो कधीमधी रात्री माझ्याबरोबर खेळतो. माझ्या बार्बेरियनच्या मागेपुढे थोडा वेळ फिरून त्याने विचारलं, “मामा, तू मारत का नाहीस कुणाला?”

“मी दुसऱ्यांना मारण्याचं बळ देतो.”

“आमचा टीम लीडपण हेच म्हणतो,” तो म्हणाला.

यावर मी त्याला बॅटल ऑर्डर्सचे आकडे ऐकवले. टीम लीडने आजवर कुणाची लाइफ ९२ टक्क्यांनी वाढवल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं, त्यामुळे तो विषय तिथेच थांबला. पण त्याचा प्रश्न अगदीच वायफळ नव्हता. लग्नघरात एक काका असतात. ते काही उचलत नाहीत, काही वाढत नाहीत, मांडवाच्या मधोमध उभे राहून “अरे, इकडे भात आणा!” एवढंच ओरडतात आणि आपण ओरडलो म्हणून कार्य पार पडलं असं शेवटपर्यंत मानतात. माझ्या बार्बेरियनची जात तीच आहे. फरक असला तर इतकाच, की त्याचा समज खरा आहे आणि तो पडद्यावर आकड्यांत दिसतो.

मात्र तो दिसतो दुसऱ्यांच्या पडद्यावर. लाइफच्या लाल गोळ्यातला आकडा त्यांचा फुगतो. माझ्या बाजूने पाहिलं तर मी ओरडलो, डोक्याभोवती काहीतरी चमकलं आणि सगळे मला मागे टाकून धावत सुटले. कुणाचा जीव माझ्यामुळे वाचला याची नोंद खेळ ठेवत नाही. ती ठेवायची तरी कशी? जो मेला नाही तो का मेला नाही, हे कोणत्या रकान्यात लिहिणार? अनुभवाचे गुण मात्र जवळ असलेल्या सगळ्या पार्टीत वाटले जातात, त्यामुळे मी हात न उचलता लेव्हल चढत राहतो. त्याबद्दल कुणी कुरकुर केली की समजावं, त्याला माझी आरोळी अजून लागलेली नाही.

लुटीची गोष्ट निराळी. या खेळात राक्षस मेला की त्याच्याजवळचा ऐवज जमिनीवर पडतो आणि ज्याचा हात आधी पोचेल त्याचा होतो. इथे कसलीही वाटणी नाही, नुसती झोंबाझोंबी. मागे उभं राहून ओरडणाऱ्याच्या वाट्याला यात काय येणार? पण खेळ करणाऱ्यांना माझी कीव आली असावी, कारण आरोळ्यांच्या झाडालाच त्यांनी ‘फाइंड आयटम’ लावून ठेवलं आहे. ज्या प्रेतातून एकदा ऐवज पडून गेला, त्याच्यापाशी उभं राहून आरोळी मारायची. नशीब असेल तर त्यातून आणखी काहीतरी निघतं. सगळे पुढच्या खोलीत वीरश्री गाजवत असतात तेव्हा मी मागे राहून मुडदे तपासतो. हे काम फारसं उदात्त दिसत नाही. पण मला त्यातून अशा काही वस्तू मिळाल्या आहेत की पुढच्या खोलीतल्यांना मी त्या सांगितलेल्या नाहीत.

पार्टीला नको असलेली मदत कोणती, हेही अशा माणसाला शिकावं लागतं. ‘हाउल’ ही वरकरणी किती परोपकारी आरोळी! संकट पळवूनच लावते. पण सॉर्सरेसने चाळीस राक्षस एका कोपऱ्यात गोळा करून त्यांच्यावर बर्फाचं वादळ सोडावं, आणि त्याच क्षणी मी मायेपोटी ‘हाउल’ मारावी, की ते चाळीसच्या चाळीस आठ दिशांना पांगतात आणि वादळ रिकाम्या फरशीवर पडत राहतं. त्यानंतर चॅटमध्ये जे शब्द उमटतात ते लिहिणाऱ्याला वय नसतं. मदत करणाऱ्याने आधी समोरच्याचा बेत पाहावा, एवढी अक्कल एनर्जी १० असलेल्यालाही हळूहळू येते.

माझ्या आवडीचा क्षण लढाईच्या आधीचा आहे. गावात आरोळ्या चालत नाहीत. त्यामुळे सैतानाचा भाऊ बाल याला मारायला निघण्यापूर्वी सगळी पार्टी आधी दुसरीकडेच जमते. कॅटाकॉम्ब्सच्या दुसऱ्या मजल्यावरचा वेपॉइंट त्यासाठी ठरून गेलेला आहे. तिथे ना बाल, ना त्याची फौज. एकामागून एक लोक उमटतात: पॅलाडिन, सॉर्सरेस, हाडांच्या पलटणीसह नेक्रोमॅन्सर. कुणी बोलत नाही, कुणी लढत नाही. सगळे माझ्याकडे तोंड करून उभे. मग मी ओरडतो. त्यालाही क्रम आहे: आधी ‘बॅटल कमांड’, कारण तिने सगळ्यांची सगळी कौशल्यं एका पायरीने चढतात, त्यात माझीही, मग चढलेल्या गळ्याने ‘बॅटल ऑर्डर्स’, शेवटी ‘शाउट’. चोखंदळ लोक ‘कमांड’ दोनदा देतात, म्हणजे दुसरी पहिलीच्या बळावर जास्त टिकते. मी चोखंदळ आहे. काही सेकंदांत काम आटोपतं आणि मंडळी नाहीशी होतात. आभार मानण्याची पद्धत नाही. पण हार्डकोअरमध्ये, जिथे पात्र एकदा मेलं की कायमचं गेलं, तिथे कुणी उशिरा पोचला की तो घाईघाईने ‘बॅटल ऑर्डर्स’ची ‘बीओ’ एवढी दोनच अक्षरं टाइप करतो. इतकं आर्जव मी चार पानी पत्रातही पाहिलेलं नाही.

२००३च्या सुमाराला, १.१० नावाचा पॅच आला तेव्हा, माझ्या जातीवर एक संकट कोसळलं. ‘कॉल टू आर्म्स’ हा नवा रूनवर्ड निघाला. पाच छिद्रांच्या हत्यारात आम्न, राल, माल, इस्ट आणि ओम असे पाच रून बसवले, की कोणालाही बार्बेरियनच्या ‘कमांड’, ‘ऑर्डर्स’ आणि ‘बॅटल क्राय’ या आरोळ्या येऊ लागतात. कोणालाही! किडकिडीत सॉर्सरेस डब्ल्यू दाबून हत्यार बदलते, दोनदा किंचाळते, पुन्हा डब्ल्यू दाबून आपल्या कामाला लागते. आमचं सगळं आयुष्य एका काठीत मावलं. त्या काठीतली ‘ऑर्डर्स’ मुळात फार तर सहाव्या पायरीची, म्हणजे पन्नास टक्क्यांची. अंगावरच्या इतर वस्तूंनी ती थोडी वर सरकते, पण वीस पॉइंट घालून कमावलेल्या गळ्याशी तिची बरोबरी नाही. हे मी भाच्याला तक्त्यासह समजावून सांगितलं. तो म्हणाला, “पण मामा, काठी वेळेवर येते.”

पुढे २०१२ साली डायब्लो थ्री आला, आणि त्यात कालांतराने उलटंच घडलं. ग्रेटर रिफ्ट या पंधरा मिनिटांच्या शर्यतीत चार जणांच्या पार्ट्या उतरू लागल्या, आणि लोकांच्या लक्षात आलं की चौघांनी मारण्यापेक्षा एकाने मारावं आणि तिघांनी त्याची बडदास्त ठेवावी, हेच फायद्याचं. मग मुद्दाम शून्य मार असलेले बार्बेरियन घडवले जाऊ लागले. त्यांना झेड-बार्ब म्हणत. पाय आपटून राक्षस एका जागी ओढून आणायचे, आपल्या लोकांवरचा मार बोथट करायचा आणि बाजूला व्हायचं. विक्रमांच्या यादीत चौघांचीही नावं लागत. हे सगळं चांगलंच झालं. पण जिथे प्रत्येक जण आधी सपोर्टची जागा मागतो, तिथे मला उगाचच कुऱ्हाड उचलावीशी वाटते, म्हणून मी जुन्याच खेळात राहिलो.

तिथे सध्या एक घरगुती वाद चालू आहे. ९९वी लेव्हल आणि मोहिमांत मिळणारे बारा पॉइंट धरले तर एका पात्राला आयुष्यात ११० पॉइंट मिळतात. ९९पर्यंत पोचणारे फार थोडे आणि मी त्यांच्यातला नव्हे. पण नव्वदीच्या आसपास माझ्या सगळ्या आरोळ्या मला हव्या तितक्या चढल्या आणि एक पॉइंट हातात शिल्लक राहिला. भाच्याचं म्हणणं, “मामा, तो हत्यारांच्या झाडात टाक. निदान लाजेकाजेस्तव एखादी गदा तरी नीट धरता येऊ दे त्याला.” हवं तर पुढे बदलता येईल असंही तो म्हणतो, आणि ते खरं आहे, २०१०च्या पॅचपासून आकारा नावाची बाई सगळे पॉइंट परत देते, त्याआधी टाकलेला पॉइंट टाकलेलाच राहायचा. मी दोन दिवस विचार केला. ‘फाइंड पोशन’ म्हणून एक हलकीशी आरोळी आहे. मेलेल्या राक्षसातून कधीमधी औषधाची बाटली काढून देते. तिच्यात मी कधी एका पॉइंटच्या वर गेलो नव्हतो. दुसरा तिच्यातच टाकला. पहिली बाटली निघाली तेव्हा भाचा चुकून शेजारीच उभा होता आणि त्याने ती माझ्या आधी उचलली.