सातपूरचे पप्पा

गावाकडे त्यांना अजून नाना, आप्पा नाहीतर नुसतं भाऊ म्हणतात. सातपूरला आल्यावर मात्र त्यांचे पप्पा झाले. हे नामांतर कुणी ठरवून केलेलं नाही. खान्देशातून, निफाड-दिंडोरीकडून, पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातून माणूस एमआयडीसीत यायचा, काही दिवस टेंपररी राहायचा, परमनंट व्हायचा, पत्र्याच्या खोलीतून स्लॅबच्या खोलीत जायचा आणि पहिलं पोर बालवाडीत घालायचा. त्या पोराच्या तोंडून तो पप्पा होऊनच बाहेर पडायचा. शेजारी मम्मी. ही मम्मी घरात अहिराणी बोलते, पाट्यावर ठेचा वाटते, डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, पण मम्मीच.

एमआयडीसी स्थापन झाली १९६२ साली. त्यानंतर त्र्यंबक रोडच्या आजूबाजूला मायको, सीएट, महिंद्र अशा कंपन्या उभ्या राहिल्या आणि सातपूर नावाच्या गावाला भोंगा ऐकून उठायची सवय लागली. १९८२ मध्ये नाशिकची महापालिका झाली आणि सातपूर तिच्यात गेलं. २००८ मध्ये मायकोचं नाव बदलून बॉश झालं, पण चौक मायको सर्कलच राहिला. पप्पांच्या लेखी बॉश हे एखाद्या सुनेचं लग्नानंतर बदललेलं नाव आहे. कागदावर ठीक, हाक मात्र जुनीच मारायची.

आता पप्पा निवृत्त आहेत. श्रमिकनगर नाहीतर अशोकनगरात रो-हाऊस आहे, दारात कढीपत्ता आहे, गुडघा आहे. पेन्शन ईपीएस-९५ची. तिची किमान रक्कम २०१४ पासून महिना १००० रुपये. ती कुठे जाते असं विचारलं तर पप्पा मोबाइल दाखवतात. मुलगा हिंजवडीला, मुलगी बेंगळुरूला. दोघांना सांभाळायचं एकच हत्यार पप्पांकडे उरलं आहे, आणि ते म्हणजे एक प्रश्न : पोहोचलास का?

प्रश्न एक असला तरी तो एकदाच विचारला जात नाही. नाशिक ते पुणे साधारण दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. मुलगा रविवारी दुपारी गाडी काढतो, मम्मी हातावर दही घालते, पप्पा टायरला लाथ मारून हवा तपासतात. गाडी पपया नर्सरीपर्यंत जाते न जाते तोच मम्मीला आठवतं की लोणच्याची बरणी ओट्यावरच राहिली. बरणी परत नेली जाते. मग सिन्नर, संगमनेर, चंदनापुरी घाट, आळेफाटा, नारायणगाव, मंचर, खेड, चाकण, मोशी हा सगळा रस्ता पप्पा सोफ्यावर बसून चालवतात.

"कुठंय?"

"संगमनेर."

"आत्ता? सिन्नर सोडून किती वेळ झाला!"

"चहाला थांबलो होतो पप्पा."

"चहा घरून पिऊन निघाला होतास ना?"

यावर उत्तर नसतं. चाकणला मुलगा ट्रॅफिकमध्ये अडकणार हे पप्पांना त्याच्या आधी ठाऊक असतं, आणि तो अडकला की त्यांना थोडं समाधानही वाटतं. दुपारी दोनला निघ असं ते सांगत होते. शेवटी रात्री फोन येतो. "पोहोचलो." पप्पा म्हणतात, "बरं. ठेव." झालं. चार तास ज्या बातमीची वाट पाहिली तिच्यावर ते दोन शब्दांपेक्षा जास्त खर्च करत नाहीत. हवापाणी, नोकरी, ख्यालीखुशाली हे मम्मीचं खातं.

सुरुवातीला सून वैतागली. "लहान आहात का तुम्ही?" असं तिने नवऱ्याला विचारलं. पप्पांनी यावर तोडगा काढला. आता ते तिलाही वेगळा फोन करतात, कारण मुलगा "मोशी" म्हणाला तरी तो चाकणलाच असू शकतो. दोन ठिकाणांहून खातरजमा झालेली बरी. सुनेला आधी राग आला, मग हसू आलं. आता ती गाडीत बसल्यावर स्वतःच सांगते, "पप्पांना सांगा, घाटात रेंज नसते."

हे खूळ आलं कुठून, याचं उत्तर स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेलं आहे. पप्पांची सगळी नोकरी शिफ्टमध्ये गेली. एक आठवडा फर्स्ट, एक सेकंड, एक नाईट. नाईट असली की दिवसभर घरात कुजबुज चाले : पप्पा झोपलेत. सेकंड असली की ते घरी येईपर्यंत पोरं झोपलेली. एका छताखाली राहून बापलेकांची आठवडाभर गाठ पडत नसे. मग निरोप कालनिर्णयवर लिहायची पद्धत पडली. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी हे कॅलेंडर काढलं ते तिथी, सणवार आणि पंचांग घराघरात पोहोचावं म्हणून. सातपूरच्या घरांनी त्याचं रजिस्टर केलं. दूध नाही, गॅस लावला, भिशी दिली हे तर सगळ्याच घरांत लिहितात. इथे संकष्टीच्या चौकोनात मम्मी लिहायची : "मोठ्याला ताप. डॉक्टरकडे नेलं. डबा ओट्यावर." पहाटे घरी आलेले पप्पा ते वाचायचे, पोराच्या कपाळाला हात लावायचे आणि खाली लिहायचे : "बघितलं. ताप नाही." कंपनीत शिफ्ट सुटताना पुढच्या माणसाला चार्ज द्यायचा असतो : कोणतं मशीन बंद आहे, काय अर्धवट आहे, कशावर लक्ष ठेवायचं. पप्पा-मम्मींनी दोन मुलं अशी चार्ज देत-घेत वाढवली.

ते रजिस्टर अजून चालू आहे. पेन दोऱ्याने खिळ्याला बांधलेलं आहे, म्हणजे कुणी नेणार नाही. या महिन्याच्या पानावर गॅसच्या तारखेशेजारी बारीक अक्षरात नोंदी आहेत : "मोठा ९.४० पोहोचला (चाकण जाम)." "ताईचा आवाज बसलेला." "नातू — दात हलतो." दुसऱ्या दिवशी : "दात पडला." जुनी कालनिर्णयं रद्दीत जात नाहीत. ती माळ्यावर सुतळीने बांधून ठेवलेली आहेत आणि वाद झाला की पुरावा म्हणून खाली उतरतात.

"मागच्या दिवाळीला तू दोनच दिवस होतास."

"तीन, पप्पा."

पप्पा स्टूल आणायला सांगतात. गठ्ठा सुटतो. "शनिवारी आलास रात्री पावणेबाराला. तो दिवस धरत नाहीत. कंपनीत हाफ डेसुद्धा लागला नसता."

पोहोचल्याची खबर द्यायची चाल अर्थात कंपनीने शोधलेली नाही. पप्पा स्वतः गावाहून परत आले की १५ पैशांचं पोस्टकार्ड टाकायचे, आणि ते गावी पोहोचेपर्यंत कधीकधी गावाचाच कुणी पाहुणा सातपूरला येऊन धडकलेला असायचा. मग एसटीडी बूथ आले; रात्री उशिरा दर उतरायचे, म्हणून सेकंड शिफ्ट सुटल्यावर बूथसमोर रांग लागायची. मोबाइल आला तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. मे २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं, पण तोवर मिस्ड कॉलची लिपी तयार झाली होती : एक रिंग म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे फोन कर, तीन म्हणजे पैसे संपले. पप्पांचा मुलगा आजही कधी घाईत एक रिंग देऊन ठेवून देतो. अनलिमिटेडच्या जमान्यात ही काटकसर कशासाठी, असं त्याला कुणी विचारत नाही.

व्हॉट्सॲप आल्यावर पप्पांना सकाळ सापडली. पहाटे साडेपाचला गुलाब, सहाला गणपती, सव्वासहाला सुविचार. अशा चित्रांनी भारतातले फोन इतके तुडुंब भरू लागले की गुगलच्या लोकांना त्याचा शोध घ्यावा लागला. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने त्यावर बातमी छापली, आणि फाइल्स गो या ॲपमध्ये शुभ सकाळची चित्रं हुडकून एकदम पुसायची सोय आली. पप्पांच्या मुलाने ती लगेच घेतली. पण पुसण्याआधी तो सगळी चित्रं बघतो. सुविचार वाचायला नाही, वेळ बघायला. २००१ मध्ये जपानच्या झोजिरुशी कंपनीने एक विजेची किटली काढली. एकटे राहणारे म्हातारे तिच्यातून चहाला पाणी घेतात, तेव्हा त्याची खबर दूरच्या मुलांना जाते. सकाळी किटली हललीच नाही तर मुलं समजतात, काहीतरी बिघडलंय. सातपूरला ही किटली विकत घ्यायची गरज नाही. एकदा पप्पांचा गुलाब पावणेसातपर्यंत आला नाही, तर बेंगळुरूहून ताईने शेजारच्या काकूंना उठवलं. पप्पा गच्चीवर टाकीत पाणी चढलं का ते बघत होते. काकूंनी खालून ओरडून विचारलं, "अहो, तुम्ही आहात ना?"

मम्मीची यंत्रणा वेगळी. तिचा फोनवर फारसा विश्वास नाही, डब्यावर आहे. उन्हाळ्यात केलेल्या बिबड्या, भरिताची वांगी, कोंडाजीचा चिवडा, तिळाची चटणी हे सगळं ती स्टीलच्या डब्यांत घालून देते. मुद्दाम स्टीलच्या. श्रीखंडाचे प्लॅस्टिकचे डबे घरात ढिगाने आहेत, पण ते दिले तर परत कोण आणेल? स्टीलच्या डब्यावर नाव कोरलेलं असतं, त्यामुळे तो कर्जासारखा डोक्यावर राहतो. "माझा गोल डबा तुझ्याकडेच आहे" हे वाक्य मम्मी दर फोनला म्हणते, आणि पुण्यातल्या मुलाला महिन्याभरात नाशिकला यायचं कारण सापडतं. डबा रिकामा परत करायचा नसतो, हे सुनेला तिच्या आईने शिकवलेलं, म्हणून ती त्यात चितळ्यांची बाकरवडी भरते. मग मम्मीला तो पुन्हा भरून द्यावा लागतो. या व्यवहारात दोन्हीकडच्या फ्रिजमध्ये जागा उरत नाही.

सगळंच गोड आहे असं नाही. पप्पांच्या चौकशीला घाबरून ताई आजारपण लपवते. एकदा तिने शिंक दाबली नाही, तर दोघं रात्रीच्या गाडीने बेंगळुरूला निघायला तयार झाले होते. ईएसआयच्या दवाखान्यात बीपी किती निघालं हे पप्पाही सांगत नाहीत. म्हणजे दोन्ही बाजूंनी रोज चोख अहवाल जातात आणि दोन्हीकडचे निम्मे खोटे असतात. पप्पांना याचं आश्चर्य नाही. ऑडिटच्या आदल्या रात्री रजिस्टरं कशी भरली जातात हे त्यांनी आयुष्यभर पाहिलंय. म्हणून ते काय सांगितलं याच्याकडे फार लक्ष देत नाहीत, कसं सांगितलं ते ऐकतात. "बरी आहे" म्हणताना ताईने मध्ये श्वास घेतला, तर कॅलेंडरवर प्रश्नचिन्ह पडतं.

गेल्या श्रावणात मात्र गाडी उलटी फिरली. तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीच्या फेरीला अर्धं नाशिक लोटतं. पप्पा दोस्तांबरोबर रविवारी रात्री गेले. पाऊस होता म्हणून मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळला, पिशवी सदऱ्याच्या आतल्या खिशात घातली, आणि बॅटरी रात्रीच संपली. सकाळी गुलाब नाही. मुलाने मम्मीला विचारलं, मम्मीने दोस्तांच्या बायकांना विचारलं, ताईने काकूंना उठवलं. अकराला पप्पा चिखलाने माखून दारात उभे राहिले, तेव्हा घरात व्हिडिओ कॉल चालू होता.

"एक फोन करता येत नाही का तुम्हाला?" मुलगा ओरडला.

"कुणाच्याही फोनवरून करायचा ना!" ताई ओरडली.

"मी काय सांगत होते?" हे मम्मीचं.

बोलणी खाताना माणूस इतका खुश क्वचितच दिसतो. पप्पांनी पाय धुतले, चहा मागितला आणि सगळं पुन्हा एकदा नीट ऐकून घेतलं. त्या दिवशी ताईने फर्मान काढलं : यापुढे पप्पा घराबाहेर पडले की पोहोचल्याचा मेसेज ग्रुपवर आलाच पाहिजे. पप्पांनी हा नियम नियमापेक्षा कडक पाळायला घेतला.

"अशोकनगर बाजारात पोहोचलो. कोथिंबीर २० ला जुडी."

हिंजवडीहून, भर मीटिंगमधून, मुलाचा रिप्लाय येतो : "रिटर्न कधी?"

"मेथी बघून."