शून्य डॉलर फक्त

कॅनडात उतरलेल्या माणसाला सरकार बऱ्याच गोष्टी तत्परतेने देतं. नऊ आकडी सिन नंबर देतं, हेल्थ कार्ड देतं, आणि पगारातून कर कापून देण्याचा मान तर पहिल्याच पंधरवड्यात देतं. म्हातारपणाची सोय करायला निघालात की मात्र म्हणतं, थांबा, एवढी काय घाई आहे?

आरआरएसपी हे इथलं निवृत्तीखातं, १९५७ सालापासूनचं. त्यात टाकलेली रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते आणि कर म्हातारपणापर्यंत पुढे ढकलला जातो. वर्षाला किती टाकायचं? गेल्या वर्षीच्या कमाईच्या १८ टक्के, आणि २०२५ सालासाठी जास्तीत जास्त ३२,४९० डॉलर. ही वरची मर्यादा गाठायला पगार १,८०,५०० डॉलर लागतो, त्यामुळे आमच्या ओळखीत तिचा जाच कुणालाच नाही. जाच आहे तो 'गेल्या वर्षीच्या' या अटीचा. गेल्या वर्षी तुम्ही हिंजवडीत होतात. अप्रेझलसाठी भांडलात, रात्री-बेरात्री कॉल घेतलेत, ट्रॅफिकमध्ये आयुष्य काढलंत. कॅनडाच्या हिशेबात त्या वर्षी तुम्ही काहीही केलं नाही. आणि शून्याचे १८ टक्के काढायला सीए लागत नाही.

हे मला कळलं, पटलंही. जिथे कर भरला नाही तिथे कराची सूट कशी मागणार? शिवाय पहिल्या वर्षी कमाई अर्धीमुर्धी, कराचा दरही खालचा, त्यामुळे तेव्हा वजावट मिळाली असती तरी फार काही वाचलं नसतं. पण हे साताऱ्यात पटवणं अवघड. बाबा जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेत. फेब्रुवारी लागला की त्यांच्या अंगात मार्च संचारतो.

"गुंतवलंस का काही?"

"बाबा, मला मर्यादा शून्य आहे."

"शून्य कशी? पगार होतोय ना?"

"गेल्या वर्षीचा पगार धरतात."

"मग गेल्या वर्षी काय घरी बसला होतास?"

"भारतातला धरत नाहीत, बाबा."

फोनवर शांतता. मग, "तुझा फॉर्म सोळा पाठवू का त्यांना? माझ्याकडे फाइल आहे."

त्यांचा पुढचा तोडगा पीपीएफचा. एनआरआयला नवं खातं उघडता येत नाही, जुनं मात्र मुदत संपेपर्यंत चालवता येतं. वर्षाला दीड लाखाची मर्यादा माझ्यासाठी तिथे शाबूत आहे, हे ऐकून त्यांचा देशाभिमान उफाळून आला. ते व्याज इथल्या विवरणपत्रात दाखवावं लागतं हे मी सांगितलं नाही. त्यांचं बीपी बघावं लागतं.

आमच्या एका मित्राला मात्र धीर धरवला नाही. पगार जमा झाला आणि त्याने पाच हजार डॉलर आरआरएसपीत टाकून दिले. बँकेतल्या बाईंनी हसतमुखाने घेतले. मर्यादा बघणं हे आपलं काम, बँकेचं नव्हे. दोन हजारांपर्यंतच्या जादा रकमेला वजावट नाही, पण दंडही नाही. उरलेल्या तीन हजारांवर महिन्याला एक टक्का, म्हणजे तीस डॉलर. त्यासाठी टी-वन-ओव्हीपी नावाचा खास फॉर्म आहे, तो वर्ष संपल्यावर नव्वद दिवसांत भरायचा. म्हातारपणाची काळजी जास्त केली म्हणून दंड भरणारा आमच्यातला तो पहिलाच. पैसे उधळणाऱ्यांसाठी मात्र कसलाच फॉर्म नाही.

याच्या अगदी उलट स्वभाव टीएफएसएचा. २००९ साली सुरू झालेलं हे खातं कमाई विचारतच नाही. तुम्ही सज्ञान आणि इथले रहिवासी असलात की झालं. एकतीस डिसेंबरच्या रात्री अकराला पिअर्सन विमानतळावर बॅगा उतरवून जो इथला झाला, त्यालाही २०२५ सालचे पूर्ण ७,००० डॉलर लागू. बॅगा घरी पोचेपर्यंत नवीन वर्ष लागतं आणि २०२६चे आणखी ७,०००. खात्यात टाकायला पैसे कुठून आणायचे याची जबाबदारी सरकारने घेतलेली नाही. यातही एक खड्डा आहेच. सगळीकडे २०२५ अखेरच्या एकूण मर्यादेचा १,०२,००० हा आकडा दिसतो. तो २००९ पासून इथे राहणाऱ्यांचा. काल आलेल्याने तो आपला समजून पैसे ओतले, तर तिथेही महिन्याला एक टक्का, आणि दोन हजारांची माफी तर नाहीच.

एवढं झाल्यावर सरकारी पेन्शन तरी बघू म्हटलं. ओल्ड एज सिक्युरिटी पूर्ण मिळायला अठराव्या वर्षानंतर इथे ४० वर्षं राहावं लागतं. मी आलो अडतिसाव्या वर्षी. पासष्टीला माझे होतात चाळिसातले सत्तावीस. बायको माझ्याहून चार वर्षांनी लहान, म्हणजे तिचे एकतीस. हे गणित झाल्यापासून घरातल्या कुठल्याही वादात ती शांतपणे "एकतीस" एवढंच म्हणते.

दुसऱ्या वर्षी वसंतात कर खात्याची नोटीस ऑफ असेसमेंट आली. तीत आरआरएसपीची मर्यादा छापली होती, १२,६०० डॉलर. मी तो कागद देवापुढे ठेवणार, तेवढ्यात बायकोने दुसरा कागद समोर ठेवला. विंटर टायर, डे-केअर, दिवाळीची तिकिटं, वर गाडीचा इन्शुरन्स. बेरीज तिने केली होती, वजाबाकी माझ्यासाठी ठेवली होती.

बाबांना कळवणं भाग होतं.

"मर्यादा मिळाली, बाबा. पण टाकायला पैसे नाहीत."

"मग वाया गेली?"

"नाही, पुढे सरकते. एकाहत्तराव्या वर्षापर्यंत वापरता येते. त्या वर्षाअखेर खातं बंद करून पेन्शनसारखं घ्यायला लागतं."

बाबा बहात्तरचे आहेत. थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "सूनबाईंना सांग, सांभाळून खर्च करा. आणि काटकसर जपूनच करा रे. चुकून जास्त शिल्लक पडली तर दंड बसायचा."