नाचणीकाका

बेंगळुरूत हेब्बाळच्या आसपास राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींत एक अलिखित नियम आहे: आनंदाची बातमी नाचणीकाकांना सगळ्यात शेवटी सांगायची. मुलाला पहिल्या सत्रात उत्तम गुण मिळाले म्हणून पेढे घेऊन जावं, तर काका पेढा तोंडात टाकून म्हणणार, "एका हंगामावरून काही सांगता येत नाही."

काकांची हयात जीकेव्हीकेच्या, म्हणजे इथल्या कृषी विद्यापीठाच्या, आवारात नाचणीचे वाण तपासण्यात गेली. लघु तृणधान्यांचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प १९८६ पासून बरीच वर्षं तिथूनच चालला. पण बेंगळुरूच्या सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या लाल मातीत एखादा वाण पहिला आला, तर त्याचं तिथे कुणाला कौतुक नाही. तोच वाण कोल्हापुरात, डांगातल्या वघईत, बस्तरच्या जगदलपुरात, थेट अल्मोड्याच्या पहाडात पेरून बघायचा. एकीकडे पाऊस धो धो, दुसरीकडे ऐन निसवताना गायब, तिसरीकडे करपा रोग. एबरहार्ट आणि रसेल यांनी १९६६ मध्ये वाण किती भरवशाचा याचं गणित मांडलं: सरासरी चांगली हवी, जमीन-पाणी सुधारेल त्या मानाने उत्पन्न वाढायला हवं आणि मध्येच लहर फिरता कामा नये. काकांनी हे गणित घरी आणलं आणि आमचे हाल सुरू झाले.

भाचीला स्थळ आलं. मुलगा देखणा, पगार भरभक्कम. काका म्हणाले, "हे झालं भारी जमिनीतलं. गाडी पंक्चर झाल्यावर कसा बोलतो?" नवीन दर्शिनी हॉटेलातली कॉफी फक्कड आहे म्हणावं, तर तीन वेगळ्या वेळी पिऊन या म्हणतात. क्रिकेटमध्ये दैवत अर्थात द्रविड. "कसोटीत घरच्यापेक्षा परदेशातली सरासरी जास्त! वाण असावा तर असा."

खिशात कायम पेन्सिल, कारण पेनाने लिहिलेलं लेबल पावसात धुऊन जातं. कणीस दिसलं की तळहातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा, चार दाणे दाढेखाली, उरलेले खाकी पाकिटात. काकूंच्या फडताळात डाळींपेक्षा पाकिटंच जास्त. भारतीय आणि आफ्रिकी नाचणीच्या संकरातून इंडाफ वाण काढणाऱ्या लक्ष्मणय्यांचं नाव निघालं, की हातातली भाकरी खाली ठेवून बोलतात. एकदा मी वैतागून म्हटलं, "काका, पहिल्या नंबरावर तुमचा एवढा राग का?" तर म्हणाले, "राग नाही रे. पण कोरडवाहू शेतकऱ्याला विक्रम घेऊन काय करायचाय? वाईट वर्षातही चुलीवर मुद्दे, नाचणीचे गोळे, शिजले पाहिजेत." यावर काय बोलणार!

ट्रायलमध्ये नव्या वाणांच्या शेजारी एक जुना, भरवशाचा वाण पेरतात. त्याला म्हणतात चेक. नवे येतात, हरतात, जातात. तुलना मात्र दरवर्षी त्याच्याशीच. कुठेही जेवले तरी काका काकूंच्या भाकरीशी ताडून बघतात आणि यजमानीणबाईंना शांतपणे सांगतात, "चेकपेक्षा थोडी कमी आहे." परवा कुणीतरी काकूंना म्हणालं, नशीबवान आहात हो. काकू भाकरी थापत म्हणाल्या, "कसलं नशीब! चेकला बक्षीस कधी मिळत नाही, आणि सुट्टीही."